गुरुवारची सभा

रोसारिओच्या दक्षिणेला, नदीकडे पाठ करून
आमचा बटणांचा कारखाना.
मालक पळाला त्याला नऊ वर्षं झाली.
जाताना त्याने नेलं: किल्ल्या, चांगले साचे, दोन्ही मोटारी.
ठेवलं: सात महिन्यांचा थकलेला पगार,
भिंतीवर बंद घड्याळ
आणि खुंटीला एक छत्री,
ती आम्ही अजून वापरतो, पाळीपाळीने.

आज विषय एकच. फळ्यावर मीच लिहिला:
बाल्देमारला जास्त द्यायचं का?

साचे दुरुस्त करणारा या भागात तो एकटा.
पुलापलीकडच्या प्लास्टिकवाल्यांनी दुप्पट देऊ केलंय.
आमच्याकडे झाडूवाल्यापासून हिशेबनिसापर्यंत
(हिशेबनीस म्हणजे मी)
सगळ्यांचं पाकीट सारखं.

नेलिदा म्हणाली, सारखं म्हणजे सारखं.
एवढीशी फट ठेवा, तिच्यातून मालक परत येईल,
या खेपेला आपल्यातल्याच कुणाचा तरी चेहरा घालून.

किरोगा म्हणाला, बाई, बाजार दारात उभा आहे
आणि त्याला वाचता येत नाही.
बाहेरून येणारं बटण निम्म्या भावात पडतं.
बाल्देमार गेला तर सारखं वाटून घ्यायला
राहील काय? छत्री?
पाची बोटं सारखी नसतात.

इपोलितोने हात वर केला,
बोलायला नाही, दाखवायला.
माझी चारच आहेत, म्हणाला.
पाचवं प्रेसखाली गेलं तेव्हा
बोटाची किंमत आली होती कागदावर, दशांश चिन्हासकट.
कुणाचं बोट केवढ्याचं, हे मला पुन्हा ऐकायचं नाही.

मग बराच वेळ नुसता मातेचा पेला फिरला.
एक नळी, अठ्ठावीस तोंडं.

एउफेमिया आमच्यात सगळ्यांत थोरली. म्हणाली,
पैशाचीच कटकट आहे. आठवतं ना, बँका बंद पडल्या त्या साली
शाळेच्या पटांगणात चिठ्ठ्यांवर जगलो आपण.
मी केस कापायचे, मला अंडी मिळायची.
आणि मग कुणीतरी चिठ्ठ्याच छापल्या, किरोगा म्हणाला,
तुझ्याकडे पोतंभर चिठ्ठ्या, अंडं एकही नाही.
ती हसली.
चार महिने होती की अंडी.

लुदमिला तेवीस वर्षांची, रात्रीच्या कॉलेजात जाते.
तिचं म्हणणं, ना कामाप्रमाणे, ना सारखं,
घरात खाणारी तोंडं मोजा आणि तसं द्या.
एकदम सगळे गप्प. ज्याला त्याला आपापलं घर दिसू लागलं.
मला माझं दिसलं: एक खुर्ची, एक काटा, रेडिओ.
कागदाच्या कडेला मी झटकन हिशेब केला,
माझं पाकीट तिसऱ्या हिश्शाने कमी.
त्यावर मी खोकलो. खोकल्याची नोंद केली नाही.

साडेनऊला मतदान. पांढरं बटण हो, काळं नाही,
बिस्किटाच्या जुन्या डब्यात.
पांढरी चौदा. काळी चौदा.
पुन्हा मोजली. डब्याच्या तळाशी चूक सापडेल
अशा आशेने डबा उपडा केला.

तेव्हा कुठे लक्षात आलं, बाल्देमार खोलीत नाही.
त्याच्या पगारावर आम्ही घसा कोरडा करत होतो
तेव्हा भिंतीपलीकडे चार नंबरचं यंत्र अडखळलं होतं.
ते त्याला ऐकू गेलं.
आम्हाला कुणालाच नाही.

तो आला हात पुसत.
नेलिदाने डबा पुढे केला. किरोगाने श्वास धरला.
त्याने खिसा चाचपला
आणि एक बटण टाकलं, यंत्रातून नुकतंच निघालेलं,
कोमट, करड्या रंगाचं,
अजून भोकं न पाडलेलं.

हे कुठल्या रकान्यात धरू? मी विचारलं.
त्याने खुंटीवरची छत्री काढली.
आज पाळी त्याचीच होती.
उद्या बघू, म्हणाला. आधी चार नंबरचं तेल संपलंय, ते लिही.

मी लिहिलं.